खांबेट्यांच्या ट्रेलरला कप्पे फुटले

डोंबिवलीत माणसाने दोन गोष्टी कधी उघड करू नयेत. एक, आपल्याकडे असलेली रिकामी जागा. दुसरी, आपण कुठल्या गावाला चाललोय ते. पहिली कळली तर लोक तिथे सामान आणून ठेवतात. दुसरी कळली तर ते सामान तिकडे पोचवायला देतात. आमच्या समोरच्या दारातल्या गुरुदत्तराव खांबेट्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, तेही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, फोटोंसकट जाहीर केल्या. पुढे जे झालं ते सांगताना माझं डोकं अजून तापतं. दुसऱ्याच्या घरातली गंमत बघायला मिळणार असेल तर मी दुपारची झोप मोडून दारात येतो, हे सगळ्या विंगला ठाऊक आहे. माझ्यासारख्याला राग आला म्हणजे प्रकरण किती पुढे गेलं असेल बघा.

पण गोष्ट गुरुदत्तरावांची नाही. त्यांच्या बायकोची आहे.

मंदाकिनी खांबेटे, आम्हा सगळ्यांच्या मंदाताई. माहेर ठाण्याचं, कोपरीचं. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली आणि आता निवृत्त. नोकरी सुटल्याबरोबर बाईंनी काय केलं, तर गाडी शिकल्या. इतर बायका त्या वयात गीतापठणाला जातात, या आमच्या गल्लीत रिव्हर्स घ्यायला लागल्या. घरातली जुनी बोलेरो त्याच चालवतात. गुरुदत्तरावांनाही येते, पण ते चालवता चालवता मागच्या सीटवरच्या माणसाशी त्याच्या तोंडाकडे बघून बोलतात, म्हणून त्यांच्या हातात कोणी चावी देत नाही.

मंदाताईंची दुखणी दोन. घर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. ही दोन दुखणी एकाच बाईला देणाऱ्या देवाला मी काही विचारू शकत नाही, पण विचारावंसं वाटतं. कोकणातून पुतण्या परीक्षेला आला की खांबेट्यांकडे. आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन, खांबेट्यांकडे. कुणाच्या लग्नाची खरेदी असली की मुलीची आई, मावशी आणि पिशव्या, सगळं खांबेट्यांकडे. बरं, माणसं येतात तशी जातात. सामान जात नाही. त्यांच्या माळ्यावर दिराची ट्रंक आहे, नणंदेच्या मुलीचा पाळणा आहे, आणि एक पितळी घंगाळ आहे ज्याचा मालक कोण हे आता कुणालाच आठवत नाही, पण विकायचं म्हटलं की चार जण हक्क सांगतात. मंदाताईंची स्वतःची म्हणावी अशी एक सुटकेस, तीही पलंगाखाली. एकदा त्यांनी ती ओढून माझ्या बायकोला दाखवली. आत नणंदेच्या रजया.

आणि प्रवास? लग्न, मुंज, बारसं, तेरावं. उभ्या आयुष्यात ही बाई स्वतःच्या नाहीतर नातेवाइकांच्या घराशिवाय कुठे झोपलेली नाही. महाबळेश्वरला गेल्या तर तिथेही गुरुदत्तरावांचा मावसभाऊ निघाला. पोचल्यावर चपला काढायच्या, पाणी प्यायचं आणि स्वयंपाकघरात शिरून विचारायचं, काय चिरू? याला आपल्याकडे बाई माणसाळलेली आहे असं म्हणतात.

एकदा जिन्यात बोलता बोलता मी चिडवलं, की ताई, आता निवृत्त झालात, काशीला कधी निघताय? त्या थांबल्या. म्हणाल्या, "काशीत नको रे, तिथेही यांची चुलत बहीण आहे. मला एकदा अशा ठिकाणी जाग यायला हवीय, जिथे सकाळी कोणी मला वहिनी म्हणणार नाही. उठायचं, दोन कप चहा करायचा. दोनच."

मी हसलो. त्या नाही हसल्या.

तर मग ट्रेलर. मंदाताईंचा भाचा विनीत ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मध्यंतरी सगळ्यांनाच मोकळ्या हवेचं वेड लागलेलं, तेव्हा त्याने घडीचा ट्रेलर घेतला होता. दोन चाकांवरची बसकी पेटी, गाडीच्या मागे अडकवायची. जिथे मुक्काम तिथे छत वर उचललं की कापडी भिंती ताणून उभ्या राहतात, आणि दोन्ही बाजूंनी पलंग ड्रॉवरसारखे बाहेर सरकतात. बंद केली की परत पेटी. विनीतने तो दोनदा वापरला, मग त्याच्या कॉम्प्लेक्सवाल्यांनी पार्किंगवरून भांडण काढलं, आणि त्याने मावशीला फोन केला, घेऊन जा. मंदाताई स्वतः जाऊन तो ओढून घेऊन आल्या. सोसायटीच्या फाटकातून तो आत घेतला तेव्हा सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. कोणी म्हणालं कुल्फीची गाडी आहे, कोणी म्हणालं डॉक्टरांची. मी जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

जागा त्यांनी आधीच ठरवली होती. जव्हारच्या अलीकडे एक तलाव, काठावर एका शेतकऱ्याची मोकळी जमीन, त्याला फोन करून विचारून झालेलं. जव्हारच का, तर तिथे खांबेट्यांचं कोणीही नाही. त्यांनी शोधून, खात्री करून घेतलेलं.

ट्रेलरमध्ये एकच अडचण होती. सामान ठेवायला जागा नाही. पलंगाखाली पोकळी होती, पण तिथलं काही काढायचं तर आधी गादी उचला, मग फळी उचला, मग डोकं आपटा. इथे गुरुदत्तरावांनी बाह्या सरसावल्या. माणूस वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग ऑफिसात जन्म घालवलेला, हात चांगला आहे, हे मला कबूल करावं लागतं. त्यांनी पलंगाखालच्या पोकळीला बाहेरच्या बाजूने दारं पाडली, रबरी पट्टी लावून, म्हणजे गादीला हात न लावता सामान बाहेरूनच निघेल. दारालगत अरुंद फळ्या बसवल्या. छताखाली जाळी ताणली, टॉवेल-स्वेटरसाठी. कापडी भिंतीवर चपला ठेवायचा कप्प्यांचा पडदा टांगला, त्यात चमचे, टॉर्च, काडेपेटी. वर कॅरिअर. आणि सगळ्यात शेवटी, ट्रेलर गाडीला जोडतात तिथल्या लोखंडी दांड्यांवर, पुढे, पत्र्याची एक झाकणाची पेटी.

ही पेटी मंदाताईंची. त्यांनी मागूनच घेतली होती. बाकी कप्प्यांत तुम्हाला हवं ते भरा, ही माझी. तीत त्यांनी काय ठेवलं? एक लहान गॅस, चहा-साखरेचे डबे, आलं किसायची इवलीशी किसणी, आणि मुद्दाम हिंडून आणलेलं एक पातेलं. इतकं लहान की दुकानदाराने बाळाचं दूध तापवायला का म्हणून विचारलं. दोन कप चहा मावतो. तिसरा ओतला तर उतू जातो. बाईंनी ते घरी करून पाहिलं होतं.

इथे थांबले असते तर सगळं गोड झालं असतं. पण कारागीर माणसाला कौतुक लागतं. गुरुदत्तरावांनी प्रत्येक कप्पा उघडून एक, मिटून एक, असे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'भरपूर जागा!' आणि कोणी विचारलं कुठे निघालात, तर या गृहस्थाने काय उत्तर द्यावं? अजून नक्की नाही, कदाचित कोकणही करू.

कदाचित कोकण. आमच्या विंगमध्ये निम्मी घरं कोकणातली आणि खांबेट्यांचं तर अख्खं गोत्र चिपळूणच्या आसपास. त्या एका शब्दावर सोसायटी अशी जागी झाली, की पाण्याचा टँकर आल्यावरही होत नाही.

पहिल्या आल्या तळमजल्याच्या हौसाबाई. त्यांच्या हातात पिठाच्या चाळणीएवढं पुडकं. जाताच आहात तर एवढं सावर्ड्याला लेकीकडे. गुरुदत्तराव म्हणाले, त्यात काय, ठेवा. मग दुसऱ्या मजल्यावरच्या रसिकाने आजीसाठी भिंतीवरचा पंखा दिला. कुणी जुन्या साड्यांचं गाठोडं. कुणी दिवाळीतली उरलेली रोषणाई, गावच्या देवळासाठी. एकाने तर कारण नसताना रिकामे प्लास्टिकचे डबे दिले, काकीला उपयोगी पडतात म्हणे. मला सांगा, चिपळूणला डबे मिळत नाहीत? पण या देण्याला सामानाशी काही घेणंदेणंच नसतं. कोणी गावाला निघालाय आणि आपण त्याच्या हाती काहीच दिलं नाही, तर आपलं काहीतरी फुकट गेलं, असं आपल्या माणसांना वाटतं. 'जाताच आहात तर' हे आपलं कुलदैवत आहे. माझं गाव मिरजेकडे, म्हणून मी या पापातून सुटलो. मिरजेकडे निघाले असते तर मी काय केलं असतं, त्याची चौकशी नको.

मग आले दीर. केदारभाऊजी, गुरुदत्तरावांचे धाकटे बंधू, राहणार कोपरी. रिक्षातून उतरले आणि मागून उतरली घरघंटी. दळण दळायची, कपाटाएवढी, दोन माणसांनी उचलायची. गावच्या घरी पाठवायची होती, किती दिवस विचार चाललेला, आणि बघा, देवानेच वाट काढली. मी जिन्यात उभा होतो. म्हटलं, केदारराव, पीठही इथेच दळून पाठवलंत तर जागा कमी लागेल. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते मंदाताईंना सांगत होते, की वहिनी, पहिला मुक्काम गावच्या घरीच करा. काकू एकटी आहे, तिला तेवढीच सोबत. आणि घरघंटी कशी चालवायची ते तुम्हीच दाखवा तिला, दोन दिवस लागतील.

मंदाताई नवऱ्याकडे बघत होत्या. नवरा घरघंटीकडे बघत होता, ती कुठल्या कोनातून आत जाईल या हिशोबाने. आणि मला इथे गुरुदत्तरावांचा खरा संताप आला. माणूस वाईट असता तर परवडला असता. हा माणूस आनंदात होता. त्याने बनवलेला प्रत्येक कप्पा भरत होता, गच्च, कोपरान् कोपरा, आणि याहून मोठी पावती त्याला माहीत नव्हती. जव्हारचं काय, असं मंदाताईंनी विचारलं, तेव्हा म्हणाला, जव्हार काय पळून जातंय?

निघायच्या आदल्या संध्याकाळी बांधाबांध झाली. घरघंटी मागच्या बाजूला बसली होती आणि ट्रेलरची शेपूट खाली गेली होती. आता ट्रेलरचं असं असतं, की वजन मागे जास्त झालं तर रस्त्यावर तो डुलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही डुलवतो. हे गुरुदत्तरावांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी पुढे वजन हवं असं ठरवलं. पुढे काय होतं? पत्र्याची पेटी. तिच्यात त्यांनी काकूसाठी आलेला पितळी बंब आणि कुणी देवळासाठी दिलेल्या समया रचल्या, वर साड्यांचं गाठोडं चेपलं आणि झाकण लावून हात झटकले.

मंदाताई पाणी घेऊन खाली आल्या. पेटीचं झाकण उघडलं. मग बंद केलं. मी झाडाला टेकून मजा बघायला उभा होतो, पण मजा काही येईना.

"माझं सामान?"

"वर नेऊन ठेवलं गं," गुरुदत्तराव म्हणाले. "अगं, बॅलन्ससाठी. आणि गॅस-पातेलं हवंय कशाला? काकूकडे चहा मिळेलच की."

मला वाटलं आता भांडतील, निदान रडतील. इतक्या वर्षांत त्यांना भांडताना मी ऐकलेलं नाही, त्या दिवशी ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी फक्त ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. प्रत्येक दार उघडून बघितलं. पुडक्यांवर नावं होती, गावं होती, फोन नंबर होते. आपली माणसं त्या बाबतीत चोख. मग त्यांनी विचारलं, सगळ्यांवर पत्ता आहे ना नीट? गुरुदत्तराव खुश. म्हणाले, एकदम व्यवस्थित.

सकाळी निघाले. मी गॅलरीतून हात केला. मंदाताईंच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी सीटखाली सरकवली.

पुढचं मला गुरुदत्तरावांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना कळत नव्हतं की आपण चिडायचं की नाही. कल्याण-शीळ रस्त्याने गाडी निघाली. शीळफाट्याला कोकणचा माणूस पनवेलकडे वळतो. ती वाट जणू त्याच्या रक्तात असते. मंदाताई उलट्या बाजूला, मुंब्र्याकडे वळल्या. गुरुदत्तरावांना वाटलं, चुकली. ते सांगायला लागले, अगं मागे घे, मागे घे. ट्रेलर लावून शीळफाट्यावर मागे घ्यायचं म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच. त्या सरळ चालवत राहिल्या. मुंब्रा गेलं, ठाणं आलं. गुरुदत्तरावांना वाटलं माहेरी चालली, कोपरीला, केदारशी भांडायला. तेही नाही. गाडी खोपटला एसटी डेपोपाशी येऊन थांबली.

एसटीने पार्सल जातं, हे डोंबिवलीतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. पुडक्यावर नाव-गाव घाला, डेपोत द्या, तिकडच्या स्टँडवर माणसाने येऊन घेऊन जायचं. कोकणातले आंबे, तांदूळ, कोकमं असेच येतात आपल्याकडे. पण तिकडे पाठवायचं म्हटलं की आपल्याला एसटी आठवत नाही, खांबेटे आठवतात.

मंदाताईंनी एकेक दार उघडलं. हौसाबाईंचं पुडकं, रसिकाचा पंखा, रोषणाई, समया, बंब, डबे. डेपोतल्या हमालाने घरघंटी उतरवली तेव्हा तो म्हणाला, काकू, घर बदलताय काय? त्या म्हणाल्या, "हो. बदलतेय."

गुरुदत्तराव शेजारी उभे होते. लोक काय म्हणतील, केदार काय म्हणेल, काकूला काय सांगू, असं बरंच त्यांनी म्हटलं म्हणे. मंदाताईंनी भाडं स्वतः भरलं, म्हणजे त्यावरून कुणाला तोंड उघडायला नको. मग तिथल्याच बाकावर बसून त्यांनी एकेका गावाला फोन केला, तुमचं सामान अमुक स्टँडवर येतंय, घेऊन जा. आवाज टेलिफोन ऑफिसातला. समोरच्याला पुढे बोलायला जागा नाही. काकूंनाही केला. गुरुदत्तराव कान लावून होते. आणि काकू म्हणाल्या, बरं झालं हो मुक्कामाला येत नाही ते, माझे पाय दुखतात, आणि घरघंटी मला नकोच होती, केदारच्याच घरात अडचण झालेली.

एवढं ऐकल्यावर गुरुदत्तराव कप्प्यांची उघडी राहिलेली दारं एकेक करून लावायला लागले. मंदाताईंनी सीटखालची पिशवी काढली. गॅस, डबे, किसणी, पातेलं. ते सगळं पत्र्याच्या पेटीत लावलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आता बॅलन्स बघा बरा."

ट्रेलर रिकामा, हलका, भिवंडीवरून जव्हारकडे गेला. पहिली सकाळ कशी गेली, ते मंदाताईंनी कुणाला सांगितलेलं नाही. गुरुदत्तराव एवढंच बोलले, की तलावावर धुकं होतं, आपण जाळीतून स्वेटर काढून घातला, आणि सकाळभर कोणी हाक मारली नाही. सुरुवातीला त्यांना चुकल्यासारखं झालं. मग बरं वाटलं. चहा करताना किसणी कुठल्या कप्प्यात आहे ते त्यांना विचारावं लागलं नाही. स्वतःच केलेला कप्पा होता.

इकडे मात्र आग लागलेली. ग्रुपवर हौसाबाईंचा नातू हौसाबाईंच्या वतीने लिहीत होता, विश्वासाने दिलेलं. रसिका म्हणाली, पंख्याचं पातं वाकलं तर? वाकलं नव्हतं. सगळं सामान पोचलं, ज्याचं त्याला मिळालं, काही हरवलं नाही, फुटलं नाही. तरी सगळे दुखावलेले. आणि हेच मला सहन होत नाही. त्या बाईने लग्नापासून यांच्या पोरांना जेवू घातलं, यांच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, यांची घंगाळं माळ्यावर सांभाळली, ते कुणाच्या ग्रुपवर आलं नाही. एक दिवस तिने यांची ओझी योग्य गाडीत चढवली, तर विश्वासघात.

खांबेटे मंडळी परत आल्यावर केदारभाऊजी कोपरीहून तडक आले. आमचं दार उघडंच होतं. मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे ते उलटं धरलेलं असलं तरी धरलेलं होतं. केदारभाऊजी दारातच म्हणाले, "वहिनी, एसटीनेच पाठवायचं होतं तर आम्हीच नसतं का पाठवलं?"

मंदाताई आतून आल्या. हात पुसत.

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी देऊ?"

केदारभाऊजी पाणी पिऊन गेले, आणि जाताना मंदाताईंनी माळ्यावरची त्यांची ट्रंक खाली काढून त्यांच्या रिक्षात ठेवायला लावली. ती उतरवायला स्टुलावर कोण चढलं? गुरुदत्तराव.

आता ट्रेलर खाली उभा असतो. कप्प्यांना कुलपं आहेत. कुठे जाणार असं विचारलं तर मंदाताई म्हणतात, अजून ठरलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जागा रिकामी दिसते. गेल्या रविवारी त्यांनी ताडपत्री वाळवायला तो खाली आवारातच उघडला होता. छत वर, पलंग बाहेर, आणि आत दोघं बसलेली. आल्याचा वास वरपर्यंत आला. अशा वेळी शेजाऱ्याने जायचं असतं, तो आपला धर्म आहे, म्हणून मी खाली उतरलो, पायरीवर बसलो, इकडचं-तिकडचं बोललो, ट्रेलरचं कौतुक केलं, कप्प्यांचं तर फारच केलं. मंदाताईंनी चहा गाळला. एक कप गुरुदत्तरावांना दिला, एक स्वतः घेतला आणि पातेलं माझ्यासमोर उपडं करून दाखवलं.

"दोनच मावतात रे यात," म्हणाल्या.

मी वर येऊन बायकोला चहा मागितला. फार अपमान वाटला. इतक्या वर्षांचा शेजार, पण विचारलंसुद्धा नाही.